पावती तात्यांच्या नावे

मुंबईत मला मिळालेली पहिली जागा अडीच फूट रुंद आणि सहा फूट लांब होती. लालबागच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, दहा बाय बाराच्या खोलीत, मोरीच्या कडेला. तीसुद्धा रात्रीपुरती. सकाळी मी वळकटी गुंडाळून फळीवर टाकली की रातपाळी करून आलेला गाववाला त्याच लादीवर आपली चटई पसरायचा. साल १९७४. नववीतून शाळा सोडून मी संगमेश्वर तालुक्यातून आलो होतो. दिवसा मंगळदास मार्केटात एका कापडाच्या दुकानात हरकाम्या आणि संध्याकाळी रात्रशाळा, असा माझा दिवस होता.

गिरणगावात वाढलेल्यांना गावकीची खोली म्हणजे काय हे सांगायला नको. इतरांसाठी थोडक्यात: गावातल्या चाकरमान्यांनी मिळून भाड्याने घेतलेली एक खोली. बायकामुलं गावी, पुरुष इथे. आमच्या पटावर २२ नावं होती. एका वेळी ती सगळी खोलीत मावणं शक्यच नव्हतं, आणि मावायची गरजही नव्हती, कारण गिरण्या तीन पाळ्यांत चालत. काही जण कामावर, काही आत, उरलेले गॅलरीत. प्रत्येकाला भिंतीला लागून एक ट्रंक, एक खुंटी, फळीवर हातभर जागा. गावाला गेलेल्यानेही महिन्याची वर्गणी द्यायची. परत आला की त्याची खुंटी त्याला मिळायची.

या खोल्यांविषयी हल्ली फार हळवेपणाने लिहिलं जातं. म्हणून हेही सांगतो की ‘गावाची खोली’ म्हणजे आमच्या वाडीची खोली, आणि वाडीची म्हणजे जातीची. त्याच गावच्या बौद्धवाडीतल्या माणसांची खोली दुसऱ्या चाळीत होती. ज्या न्यायीपणाबद्दल मी पुढे लिहिणार आहे तो आमच्या उंबऱ्यापाशी थांबत होता.

उंबऱ्याच्या आत मात्र त्याची रोज परीक्षा व्हायची. भाड्यावरून भांडण क्वचितच होई. १९४७ च्या भाडे कायद्याने मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीला बांधून टाकली होती. वीस रुपयांच्या आतलं भाडं बावीस जणांत वाटलं तर रुपयाही डोक्यावर येत नसे. भांडणं व्हायची ती पाण्यावरून, झोपेवरून, उजेडावरून. पहाटे चारला नळ यायचा आणि सहाला जायचा. पिंप कोणी भरायचं? मोरीत आधी कोण? दुपारी रातपाळीवाला झोपलेला असताना स्टोव्ह पेटवायचा का? पावसाळ्यात गॅलरीतली माणसं आत आली की कोणाच्या पायाशी कोणाचं डोकं? आणि या सगळ्याच्या तळाशी गावचं काहीतरी असायचंच. बांध, फणसाचं झाड, पालखी आधी कोणाच्या दारात गेली. माणूस दोनशे मैल लांब आला तरी ते ट्रंकेतून बरोबर यायचं.

तात्या या खोलीचे कारभारी होते. एका गिरणीत साचेखात्यात चार साचे सांभाळायचे. आयुष्य धोट्याच्या खडखडाटात गेल्याने त्यांना कमी ऐकू यायचं आणि ते बोलायचे ते गॅलरीच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात. कुजबुज त्यांना जमतच नसे. भांडण मिटवणाऱ्याला हा दोष वाटेल, पण माझ्या मते त्यांचं अर्धं यश त्यातच होतं. तात्यांना एका बाजूने कानात काही सांगण्याची सोयच नव्हती. सांगायचं ते ओरडून, म्हणजे सगळ्यांसमोर.

त्यांचा पहिला नियम साधा होता. भांडण झालं त्या रात्री निवाडा नाही. दोघांच्या मधे उभे राहून ते म्हणायचे, “आता निजा. आयतवारी बोलू.” पगारानंतरच्या रविवारी खोलीची मीटिंग असायची. गिरणीला सुट्टी, त्यामुळे सगळ्या पाळ्यांची माणसं हजर. गैरहजर राहिलं तर चार आणे दंड. देवीच्या फोटोला अगरबत्ती, हिशेब, मग तक्रारी. आठदहा दिवस गेल्यावर निम्म्या तक्रारी आपोआप गळून पडलेल्या असायच्या. ज्या उरायच्या त्या खऱ्या, असं तात्या मानत.

दुसरी गोष्ट वहीची. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट, वाण्याकडे असते तशी. पानावर उभी रेघ मारून डावीकडे तक्रार आणि उजवीकडे ठराव. तात्या चौथीपर्यंत शिकलेले, पण अक्षर घोटीव. त्या वहीत मी पहिल्यांदा डोकावलो तेव्हा मला ती अपुरी वाटली, कारण तक्रारीत कोणाचंच नाव नव्हतं. ‘भरलेलं पिंप रात्रीत रिकामं होतं.’ ‘फळीवरचा साबण वापरला जातो.’ कोण करतं, कोणी सांगितलं, काही नाही. मी विचारलं तेव्हा तात्या हसले. “ही वही शिमग्याला गावात वाचतात पोरा.”

ते खरं होतं. वर्षाचा हिशेब शिमग्याला गावच्या सभेत मांडला जाई, आणि हिशेब याच वहीत असे. साबणाची तक्रार नावानिशी गावात वाचली गेली असती तर ती दोन माणसांची राहिली नसती, दोन घरांची झाली असती. मग पेरणीला बैल उसना मिळणं बंद, लग्नाला जाणं बंद. तात्यांनी मुंबईची भांडणं गावापर्यंत पोचू दिली नाहीत. उलट्या दिशेने येणारी थांबवणं त्याहून अवघड होतं.

त्याचा एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. आमच्या खोलीत दोन चुलतभाऊ होते. त्यांच्या बांधाचा दावा देवरुखच्या कोर्टात चालू होता. दोघं एकमेकांशी बोलत नसत, आणि एक आत आला की दुसरा गॅलरीत जाई. पटावर जागा वाटायची वेळ आली तेव्हा सगळ्यांना वाटलं, तात्या त्यांना दोन टोकांना टाकतील. तात्यांनी दोघांना एकच जागा दिली. एक पहिल्या पाळीला, दुसरा रातपाळीला. रात्री एकाने झोपायचं, दिवसा दुसऱ्याने, त्याच लादीवर. भेट होणारच नाही; पण एकाने विडीची थोटकं टाकली की ती दुसऱ्याच्या पाठीखाली येणार.

पहिले काही दिवस ती जागा मुद्दाम घाण करून ठेवली जायची, दोन्ही बाजूंनी. तात्यांनी लक्षच दिलं नाही. मग एक जण झाडून जाऊ लागला, बहुधा कंटाळून. मग दुसराही. पुढे उन्हाळ्यात मी पाहिलं की रातपाळीवाला येण्याआधी त्याच्यासाठी लादीवर पाणी शिंपडून ठेवलेलं असे. याचा शेवट गळाभेटीत झाला असं समजू नका. बांधाचा दावा चालूच राहिला, दोघं त्यावर बोलले नाहीत ते नाहीतच. तात्यांना त्यांचं मन जुळवायचं नव्हतं. त्यांना खोलीत शांतता हवी होती, तेवढी मिळाली. एका घरात राहणाऱ्यांनी एकमेकांवर प्रेम करावं ही अपेक्षा त्यांनी कधी ठेवली नाही.

तात्यांना खबर पुरवायच्या त्या खानावळीच्या मावशी. पलीकडच्या चाळीत त्यांच्या एका खोलीत तीसेक माणसं जेवायची. नवरा गिरणीत कामाला होता, दम्याने घरी बसला. मग महिन्याच्या हिशेबावर गाववाल्यांना जेवू घालणं हेच घर चालवायचं साधन. गिरणगावात अशा बायका घरोघर होत्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा आमच्या मावशीही त्यात गेल्या. दोन माणसं रोज एका पंगतीला बसणारी अचानक वेगवेगळ्या वेळी येऊ लागली की मावशींना कळायचं. “तुमच्या खोलीत काय शिजतंय हो तात्या?” एवढं विचारलं की तात्या सावध. बायकांना त्या खोलीच्या मीटिंगमध्ये जागा नव्हती, पण तिथे मांडायच्या निम्म्या गोष्टी एका बाईच्या नजरेतून आलेल्या असायच्या. वहीत याची नोंद अर्थातच नाही.

आता माझ्या देण्याकडे येतो.

खोलीत एकच दिवा, चाळीस वॉटचा. रात्रशाळा साडेनऊला सुटायची, जेवून येईपर्यंत दहा. मला अकराच्या पुढे वाचायला बसायचं असे. पहिल्या पाळीवाले पाचला उठणार, ते दहाला आडवे. त्यांत एक होते, त्यांना आम्ही भाऊ म्हणत असू, सूतखात्यात होते. एका रात्री ते उठले, बल्ब गरम असतानाच धोतराच्या सोग्याने पकडून पिळून काढला आणि स्वतःच्या ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं. माझी वार्षिक परीक्षा तोंडावर होती. मी सोळा वर्षांचा होतो आणि तावातावाने भांडलो. तात्यांचं ठरलेलं वाक्य आलं. आयतवारी बोलू.

त्या रविवारपर्यंत मी चाळीच्या जिन्यातल्या दिव्याखाली बसून वाचलं.

मीटिंगमध्ये मला वाटलं होतं, तात्या वेळ ठरवून देतील: साडेदहापर्यंत दिवा, मग बंद. तसं केलं असतं तर मी आणि भाऊ दोघेही नाराज राहिलो असतो. तात्यांनी मला विचारलं, तू खोलीला काय देशील? मला प्रश्नच कळला नाही. वर्गणी तर देतोच. मग ते सगळ्यांना म्हणाले, या पोराला लिहिता-वाचता चांगलं येतं, आणि आपण पत्र लिहायला नाक्यावरच्या माणसाला पैसे देतो. हा सगळ्यांची पत्रं लिहील, वाचून दाखवील, मनिऑर्डरीचे फॉर्म भरील. त्याबदल्यात मोरीकडच्या कोपऱ्यात साडेअकरापर्यंत दिवा याचा. डालड्याचा रिकामा डबा कापून त्याची टोपी बल्बला बसवायची, म्हणजे उजेड खाली पडेल, बाकीच्यांच्या डोळ्यांवर नाही. डबा मावशींकडून आला. वहीत उजव्या बाजूला ठराव: ‘मोरीकडील दिव्यास टोपी. पत्रे खोलीतच लिहिली जातील.’

यातली खुबी मला फार उशिरा कळली. तोवर मी खोलीकडे उजेड मागत होतो, म्हणजे बावीस जणांच्या झोपेतून काहीतरी काढून घेत होतो. त्या रविवारनंतर मी तो विकत घेतलेला होता. त्याबद्दल कोणाचे उपकार नव्हते आणि कोणाला कुरकुरायला जागा नव्हती.

आणि पत्रं लिहायची म्हणजे भाऊंचीही. पहिल्यांदा ते आंतरदेशीय पत्र घेऊन आले तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, “वाच.” गावाहून आलेलं, शाळेतल्या कोणा पोराने वहिनींसाठी लिहिलेलं. मुलीला फिट येतात, रत्नागिरीला दाखवायला सांगितलंय, पैसे पाठवा. मागची तीनही पत्रं त्यांनी नाक्यावर जाऊन वाचून घेतली होती आणि खोलीत कोणाला सांगितलं नव्हतं. बल्बवरचा राग कुठून आला होता ते मला तेव्हा दिसलं. झोप न येणाऱ्याला उजेडाचा त्रास जास्त होतो. मी उत्तर लिहिलं, मनिऑर्डर भरली. खोलीच्या शिल्लकेतून त्यांना उचल द्यावी असं तात्यांना सांगायला ते मला परवानगी देईनात. शेवटी वहीत नाव न घालता ‘आजारपणासाठी उचल’ एवढीच ओळ गेली. मी मॅट्रिक झालो तेव्हा मार्केटातून पेढे भाऊंनी आणले होते.

पुढे मला एका सरकारी कचेरीत कारकुनी मिळाली. तीही अशीच, साडेअकरापर्यंतच्या उजेडात अभ्यास करून. खोलीवर मी राहतच होतो, कारण मुंबईत बिऱ्हाड करणं परवडत नव्हतं.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाख गिरणी कामगार बाहेर. आधी सगळ्यांना तो महिन्या-दोन महिन्यांचा वाटला. खोलीत एकदम सगळेच घरी. तीन पाळ्यांवर बेतलेली व्यवस्था पाळ्याच उरल्या नाहीत तेव्हा कोसळली. जोडीजोडीने वाटलेल्या जागांवर दोघंही रात्रीच झोपायला आले. मावशी उधारीवर जेवू घालत होत्या, त्यांनाही वाणी उधार देईनासा झाला. बरेच जण गावी गेले, पण गावात काय होतं? भात चार महिने पुरायचं.

त्या वर्षाच्या अखेरीस आमच्यातला एक जण पोलिसांच्या गाडीतून गिरणीत जाऊ लागला. घरी सहा तोंडं खाणारी. बाकीच्यांनी त्याची ट्रंक गॅलरीत काढून ठेवली. काही जण ती खाली फेकायला निघाले होते. तात्या स्वतः संपावर होते आणि शेवटपर्यंत राहिले. पण ट्रंक त्यांनी उचलून आत आणली. म्हणाले, खोली गावाची आहे, युनियनची नव्हे. वर्गणी भरतो तोवर ट्रंक राहील. रविवारची वाट पाहायला त्या वेळी कोणी तयार नव्हतं. मीटिंग त्याच रात्री झाली, फार वाईट झाली, लोक तात्यांनाही नको ते बोलले. तो माणूस आठवड्याभरात आपणहून निघून गेला. वहीत त्या तारखेला डावीकडे तक्रार आहे, उजवीकडची बाजू कोरी आहे.

पाणी, झोप, उजेड या गोष्टी पाळीने वाटता येतात. त्या वर्षी वाटायला काही नव्हतं. तात्यांची पद्धत कमी पडली असं मी म्हणणार नाही; ती अशा भांडणांसाठी नव्हतीच. संप मागे घेतल्याचं कोणी जाहीर केलं नाही, तो नुसता विरून गेला. तात्यांना गिरणीने परत घेतलं नाही. १९८४ च्या गणपतीला ते गावी गेले ते कायमचे. वही बरोबर नेली, आम्ही इथे नवीन केली.

ते गेले त्यालाही दहा-बारा वर्षं झाल्यावर चाळीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली. गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उठत होते आणि लालबागच्या दहा बाय बाराला अचानक लाखांची किंमत आली होती. तेव्हा भाडेपावतीचा मुद्दा निघाला. मालक आमच्या गावकीच्या मंडळाच्या नावे पावती फाडायला कधीच तयार नव्हता, त्याला एक माणूस हवा होता. म्हणून पावती तात्यांच्या नावे होती. गावकीच्या कित्येक खोल्या याच एका गोष्टीवरून गेल्या. पावती ज्याच्या नावे त्याच्या मुलांनी सही केली, पैसे घेतले, गाव कोर्टात भांडत बसला.

बिल्डरचा माणूस तात्यांच्या मुलाला गावी जाऊन भेटला. मुलगा शेती करणारा, घराच्या एका बाजूचं छप्पर बसलेलं, लेक लग्नाची. आठ दिवसांनी तो मुंबईत माझ्या दारात उभा राहिला. पिशवीत ती लाल वही. पहिलं पान त्याने उघडून दाखवलं. १९६८ ची तारीख, तात्यांचं घोटीव अक्षर: पावती माझ्या नावे आहे ती मालकाच्या सोयीकरिता, खोली गावाची, माझ्या वारसांचा हक्क नाही. खाली तात्यांची सही आणि शेजारी काकूंचा अंगठा.

लोक या पानासाठी तात्यांचं नाव काढतात आणि ते बरोबरच आहे. पण १९६८ मध्ये त्या खोलीला काय किंमत होती? ते लिहायला तात्यांना काही सोडावं लागलं नव्हतं. मुलाला लागलं. ते पान घरातल्या चुलीत गेलं असतं तर कोणाला कळणार होतं? तो म्हणाला, “बाबांनी लिवलंय म्हंजे लिवलंय.” त्याच्या बायकोने नंतर कित्येक दिवस अबोला धरला होता, असं तिनेच मला सांगितलं, आणि तिचं चुकलं असं मला वाटत नाही. मंडळाने मुलीच्या लग्नाला मदत केली. ती त्याने उचल म्हणून घेतली आणि फेडली. वकिलाकडे प्रतिज्ञापत्र झालं, करारात मंडळाचं नाव आलं. देणं कोणाचं जास्त, बापाचं की मुलाचं, हा हिशेब मला अजून सुटलेला नाही.

आता खोली अकराव्या मजल्यावर आहे, तीनशे चौरस फुटांची, आतच संडास-बाथरूम. गावची नऊ पोरं राहतात. कोणी कुरियरमध्ये, कोणी मॉलमध्ये सिक्युरिटीला, दोघं आयटीआय करणारे. भांडणं चार्जिंगच्या पॉइंटवरून, फ्रिजमधल्या अंड्यांवरून, एसी किती वाजेपर्यंत यावरून. सुरुवातीला सगळं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर चालायचं, नावानिशी, आणि त्या ग्रुपात गावचेही लोक होते. व्हायचं तेच झालं. दोन घरांत बोलणं बंद झाल्यावर पोरं माझ्याकडे जुनी वही मागायला आली. वाचून त्यांनी आपले नियम केले. चार आण्यांचा दंड पन्नास रुपये झाला, देवीची अगरबत्ती स्मोक अलार्ममुळे गेली, निवाड्याचा रविवार राहिला.

वही लिहायचं काम सध्या तात्यांच्या नातवाकडे आहे. गेल्या मीटिंगमध्ये तक्रार आली ती त्याच्याचबद्दल: रात्री मोठ्याने फोनवर बोलतो. आजोबांचा आवाज उचललाय त्याने. डाव्या बाजूला त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘रात्री अकरानंतर फोनवर बोलले जाते,’ नाव घातलं नाही, आणि वही शेजारच्याकडे सरकवून ठरावाची बाजू तू लिही म्हणाला.